हात न्हाई मिळायचा

"हात न्हाई मिळायचा. ऊठ."

मी फरशीवर पसरलेलो, कोपर सोललेलं, आणि आमचे पीटीचे सर दोन्ही हात पाठीमागं बांधून समोर उभे. सातवीत स्केटिंग शिकताना हेच ऐकलं होतं, आता चोपन्नाव्या वर्षीही हेच.

माझं जुन्या जालन्यात कापडाचं दुकान. दिवसभर गादीवर बसून शुगर वाढली. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, न्हाईतर इन्सुलिन घ्या. पायी फिरायला निघालो, तर दर दहा पावलांवर गिऱ्हाईक आडवं. "भाऊ, पोरीच्या लग्नाचा बस्ता बांधायचाय, काय भाव लावता?" तुम्हीच सांगा, असा काय डोंबलाचा व्यायाम होणार? वैतागून एकदा दुकानात आलेल्या सरांना म्हणालो, यापेक्षा शाळेतलं स्केटिंग बरं होतं. बोललो आणि फसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सर दारात हजर.

जागा त्यांनीच ठरवली. मोंढ्यातलं धान्याच्या लिलावाचं शेड. गुळगुळीत फरशी, सहा खांब, आणि लिलाव सुरू होतो दहाला. कशालाही हात न लावता शेडला एक पूर्ण चक्कर मारायची, बस्स. शाळेत मी डोळे झाकून मारायचो. आता दोन महिने झाले तरी तिसऱ्या खांबाशी आडवा.

एकदा चाकाखाली सोयाबीनचा दाणा आला. मला निमित्तच मिळालं. "सर, ह्या दाण्यानं पाडलं."

सरांनी तो दाणा उचलला, चष्मा वर करून निरखला. "ह्यानं? नव्वद किलोच्या माणसाला?"

दुसऱ्या दिवसापासून सत्तरीचे सर झाडू घेऊन यायला लागले. मी पोचायच्या आत पूर्ण शेड झाडून तयार. माझं एकुलतं एक निमित्तही गेलं.

मग एक दिवस डोकंच फिरलं. गुडघा सुजलेला, हमाल बघून हसून राह्यलेले. मी ओरडलो, "एक हात दिला तर तुमचं काय झिजंल का हो सर?"

"हात दिला की माणूस हातच धरून राहतंय. पाय शिकत न्हाईत. ऊठ."

मी स्केट काढून फेकले आणि अनवाणीच गाडीवर बसून घरी आलो.

चार दिवस फिरकलो नाही. पाचव्या दिवशी त्यातलाच एक हमाल दुकानात आला. म्हणाला, "मास्तर रोज झाडून तुमची वाट बघून राह्यलेत की." लाज वाटली. गेलो. सर एवढंच म्हणाले, "बांध."

दिवाळीनंतर सरांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. मस्तगडला त्यांच्या घरी गेलो, तर सर पलंगाच्या कडेला बसलेले. समोर चार पावलांवर दार. व्यायाम शिकवायला आलेला माणूस त्यांना उभं करू पाहत होता आणि ते दर वेळी धपकन मागं बसत होते. चिडले होते. सरांना चिडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. माझा हात आपोआप पुढं गेला. वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर किती बरं वाटलं असतं! त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट गच्च पकडलं.

"जरा धर रे," म्हणाले.

मला रडूच आलं. दारापर्यंत काही आम्ही पोचलो नाही.

संक्रांतीच्या आत सर गेले.

आता शेड मी झाडतो. एक दाणा ठेवत नाही. तरी तिसरा खांब काही पार होत नाही, आणि स्वतःचाच असा संताप येतो म्हणून सांगू! परवा पडलो तर तोच हमाल धावत आला, हात पुढं केला.

"हात नको," मी खेकसलो.

तो बिचारा गेला. मी मात्र किती तरी वेळ तसाच फरशीवर बसून राहिलो. ऊठ म्हणणारं कोणी नव्हतं.