अर्थिंगचं पाणी

त्या दुष्काळी वर्षांत मी चिकलठाण्याच्या एका शेडमध्ये मेंटेनन्सला होतो. जालना रोडला जिकडे बघावं तिकडे इमारती उठत होत्या, आणि त्यांच्या गेटांसाठी, जिन्यांसाठी लोखंडी प्लेटा कापायचं काम आमच्याकडे यायचं. शहरात प्यायला पाणी नव्हतं, पण नक्षीदार बाल्कन्यांची हौस दांडगी होती. मला त्या लोकांचा संताप यायचा. पगार मात्र त्यांच्याच जिवावर चालायचा.

कापायला कॉम्प्युटरवर चालणारं प्लाझ्मा मशीन होतं. त्याची टॉर्च, म्हणजे ज्योत सोडणारं तोंड, प्लेटच्या जेमतेम तीन मिलिमीटर वरून फिरते. प्लेट कुठे फुगलेली असते, कुठे दबलेली. ज्योतीचं व्होल्टेज मोजून मशीन टॉर्च आपोआप वरखाली करतं. हे मोजमाप बिघडलं की टॉर्च जाऊन प्लेटवर आपटते, नाहीतर इतकी वर राहते की कड कुरतडल्यासारखी निघते.

मशीनवर पाचोडकडचे एक मामा होते. पन्नाशी ओलांडलेले, दहावी नापास, पण नुसत्या आवाजावरून सांगायचे की आता नोझल बदला. मालकाला त्यांच्या जागी डिप्लोमावाला हवा होता आणि तो निमित्त शोधत होता. शेडमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं, मामांनाही.

शेडच्या मागे अर्थिंगचा, म्हणजे मशीनची भरकटलेली वीज जमिनीत उतरवणारा खड्डा होता, मीठ-कोळसा भरलेला. माती ओली असेल तरच अर्थिंग धरतं, म्हणून रोज सकाळी शेडमधल्या टँकरच्या पिंपातून दोन कॅन पाणी त्यात ओतायचं. ते काम माझं. आमच्या कॉलनीत नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही आला तर. घरी आई अंथरुणाला खिळलेली, तिच्या चादरी धुवायला पाणी पुरत नव्हतं. एके दिवशी मी ते दोन कॅन खड्ड्यात न ओतता स्कूटरवर पायापाशी ठेवून घरी आणले. खड्ड्याला काय कळतंय, असं स्वतःलाच समजावलं. मग रोजच आणायला लागलो. बायकोनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

तीनेक आठवड्यांनी टॉर्च बिथरली.

"साहेब, ही मनानंच खाली येती," मामा म्हणाले. "म्या हातबी लावला नाय."

"प्लेट नीट पुसली होती का, मामा?"

"व्हय, लई घासून पुसली."

मी नोझल बदललं, इलेक्ट्रोड बदलला. टेबलाचा क्लॅम्प घासून पुन्हा बसवला, वायरी तपासल्या, कॉम्प्रेसरमधलं पाणी काढलं. टॉर्च तासभर शहाण्यासारखी चालायची आणि पुन्हा धाडकन खाली. तीन दिवसांत चांगल्या चार प्लेटा भंगारात गेल्या. मामा प्रत्येक वेळी हात मागे बांधून उभे राहायचे, आपण काही दाबलं नाही हे मला दिसावं म्हणून. तिसऱ्या दिवशी मालक म्हणाला, "संध्याकाळपर्यंत मला सांगा, दोष मशीनचा की माणसाचा. माणसाचा असेल तर उद्यापासून तो नको."

तेव्हा कुठे मला खड्डा आठवला. झाकण उचललं तर आत माती भेगाळलेली आणि वर मिठाचा पांढरा थर. अर्थिंग सुटलं होतं, आणि मशीनला भलतंसलतं व्होल्टेज दिसत होतं. सगळे जेवायला बसले असताना मी टँकरच्या पिंपातून सहा कॅन आणून ओतले. दुपारनंतर टॉर्च सुतासारखी सरळ चालली.

"काय होतं?" मालकानं विचारलं.

अर्थिंग म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न पाण्याचा होता. "उंचीचं सेटिंग चुकलेलं होतं," मी म्हणालो.

"कुणी चुकवलं?"

मशीनला मामांशिवाय दुसरं कुणी हात लावत नव्हतं. भित्रा माणूस आहे मी, आणि त्या दिवशी मला स्वतःची किळस आली. तरी तोंड उघडलं नाही ते नाहीच.

संध्याकाळी मामा शेवटचा हिशोब घेऊन माझ्याकडे आले. भांडतील असं वाटलं होतं; भांडले असते तर बरं झालं असतं.

"साहेब, तुमी होतात म्हणून सापडलं तरी," ते म्हणाले. "पण माझं नेमकं काय चुकलं तेवढं सांगा. आता दुसरीकडं काम बघायचं, तिथं तीच चूक नको व्हायला."

काहीतरी सांगणं भाग होतं. "प्लेट बदलली की उंची दोन पॉइंटनं कमी करायची असते," मी म्हणालो. साफ खोटं. तसं करणाऱ्याची टॉर्च प्लेटवर आपटणार हे मला बोलतानाच कळत होतं.

मामांनी माझ्याच खिशातलं पेन मागून घेतलं. हिशोबाच्या पाकिटावर सावकाश लिहिलं आणि मला वाचून दाखवलं.

"बराबर हाय ना, साहेब?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.