आतोबा आणि होडीतल्या मुंग्या

आमच्या आत्याच्या यजमानांइतका, म्हणजे आमच्या आतोबांइतका, ओशाळणारा माणूस भीमा आणि नीरा या दोन्ही नद्यांच्या काठांवर शोधून सापडायचा नाही. इतर लोक चूक झाल्यावर ओशाळतात. आतोबा आधी ओशाळून घेतात आणि मग चूक कुठे झाली ते शोधत बसतात. कऱ्हाटीला माझ्या चुलत बहिणीचं लग्न होतं, तेव्हा ते चुकून शेजारच्या मांडवात शिरले. तिथं कुणीतरी त्यांना नवऱ्या मुलाचे मामा समजून फेटा बांधला. आता 'मी तो न्हवं' असं सांगून त्या भल्या माणसाला लाजवायचं कसं, म्हणून आतोबा मामाच्या जागी जाऊन उभे राहिले. खरे मामा जीपमधून उतरले तेव्हा त्यांचीच माफी मागून ते फेट्यासकट घरी आले. फेटा परत करायला जायचीही लाज वाटली, म्हणून आत्यानं तो ट्रंकेत घालून ठेवला.

बारामती एमआयडीसीतल्या दुधाच्या कारखान्यात त्यांची नोकरी झाली. ती संपल्यावर ते नरसिंहपूरला नदीकाठच्या वस्तीवर येऊन राहिले, थोडा ऊस लावला, आणि तिथं त्यांना ओशाळायला नवीन गिऱ्हाईक मिळालं: मुंग्या. उसाला पाणी द्यायचं म्हणजे सरीतल्या मुंग्यांची वारुळं बुडणार. म्हणून मोटर चालू करण्याआधी आतोबा बांधाबांधानं खोऱ्याचा दांडा आपटत फिरायचे. "उठा बायांनो, पाणी यायलंय." शेजारच्या तात्यांनी हे एकदा ऐकलं आणि विचारलं, "कुणाशी बोलताय, आबा?" आतोबा वाकून हरवलेली चप्पल शोधू लागले. दोन्ही चपला पायातच होत्या.

आत्याचं म्हणणं, "घरात मुंग्या पाव्हण्या आन मी त्यांची सैपाकीण."

मुंग्यांचं वागणं मात्र त्यांनी बारकाईनं पाहिलेलं असायचं. पाणी लागलं की काही मुंग्या बिळाच्या तोंडाशी माती दाबतात, काही पांढरी अंडी तोंडात धरून बाभळीवर चढतात. आणि तांबड्या मुंग्या? "त्या एकमेकींचं पाय धरत्यात आन पाण्यावर तरंगत्यात," ते मला सांगायचे. माझा यावर विश्वास नव्हता.

काही वर्षांमागे वरच्या धरणातून पाणी सोडल्याचं कळलं. दोघांना बारामतीला आणावं म्हणून मी मोटरसायकलवर निघालो. मी पोचलो आणि मागचा रस्ता पाण्याखाली गेला. दुपारपर्यंत आम्ही तिघं घराच्या स्लॅबवर होतो. गावात सलीमची होडी होती. तो मासे धरून विकायचा. लांबून ती होडी दिसली तेव्हा आतोबांनी हाक मारली, "सलीम, सवड असली तर जरा हिकडं येतूस का?" ती हाक माझ्यापर्यंतसुद्धा धड आली नाही. शेवटी आत्यानं पदर खोचून अशी आरोळी ठोकली की होडीनं जागच्या जागी तोंड फिरवलं.

तेवढ्यात जिन्याच्या पायरीशी काहीतरी तांबूस तरंगत आलं. भाकरीएवढी मुंग्यांची चकती होती ती. मध्ये पांढरी अंडी, भोवती एकमेकींना घट्ट धरलेल्या मुंग्या. "बघ," आतोबा हळूच म्हणाले. "खालच्या वर येत्यात, वरच्या खाली जात्यात. कुणाला कायमचं पाण्यात ठेवत न्हाईत." मी बघतच राहिलो. आतोबांनी मात्र ती सगळी चकती सुपात उचलली आणि वर टॉवेल टाकला.

होडीत तात्या आधीच बसले होते. "काय हाय त्यात?" त्यांनी विचारलं.

"काय न्हाय," आतोबा म्हणाले. खरं सांगायची लाज वाटली.

भर प्रवाहात आल्यावर मुंग्यांना कोरडी जागा सापडली, ती म्हणजे आम्ही. तात्यांना पहिली मुंगी चावली आणि ते एकदम उभे राहिले. होडी कलंडली, पाणी आत आलं, आत्यानं माझा हात घट्ट धरला. सलीमच्या मानेवर, हातांवर मुंग्या होत्या, पण त्यानं वल्ही सोडली नाहीत. "खाली बसा, तात्या," एवढंच तो दातओठ खाऊन म्हणाला. आतोबांनी दोन्ही हात कोपरापर्यंत सुपात घातले आणि जमतील तेवढ्या मुंग्या अंगावर घेतल्या. काठाला लागेपर्यंत त्यांनी तोंडातून आवाज काढला नाही. उतरल्यावर सूप लिंबाच्या बुंध्याशी ठेवलं आणि गावच्या शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती, तिथल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले.

"माज्यापायी समदी बुडाली असती," ते मला म्हणाले. त्यांचे हात सुजून टम्म झाले होते. यावेळी त्यांना ओशाळायला खरंच कारण होतं, आणि म्हणूनच मला हसू आलं नाही.

नंतर तात्यांची त्यांनी माफी मागितली. सलीमची मागायला मात्र धीर झाला नाही. आत्या फोनवर सांगायची, "त्याच्या दारापतुर जात्यात आन माघारी येत्यात." पुढं पुढं तर सलीमचं घर टाळून ते लांबच्या वाटेनं बाजाराला जाऊ लागले.

यंदा पुन्हा पाणी सोडल्याची बातमी आली. मी आदल्या दिवशीच जाऊन पोचलो होतो. सकाळी चहा होतो न होतो तोच सलीम कुणाचा तरी ट्रॅक्टर घेऊन दारात उभा.

"चला, आबा."

"आमी बोलावलं न्हवतं रं," आतोबा खाली बघत म्हणाले.

"तुमी बोलवनार न्हाय, ते ठावं हाय. म्हणून तर आलो."

आतोबा पिशवी धरून उंबऱ्यातच थांबले. "सलीम, त्या टायमाला होडीत..."

"मानंला जरा आग झाली व्हती. तेल लावलं, गेली. ट्रॉलीत पोतं टाकलंय, त्यावर बसा."

पाणी यंदा अंगणापर्यंत येऊन मागं फिरलं. पण ते आम्हाला नंतर कळलं. ट्रॉलीत आतोबा मान खाली घालून बसले होते. पुढं सलीम ट्रॅक्टर हाकत होता, अधूनमधून वळून आत्याशी बोलत होता. गाव जवळ आल्यावर आतोबा माझ्याकडे न बघता म्हणाले,

"ह्यानं तर कवाच सोडून दिलं व्हतं. आन मी एवढी वर्सं त्याच्या दारावरनं वळून जात ऱ्हायलो. किती बोलनं-बसनं झालं असतं रं आमचं."