भावाच्या सिनेमातली नवरी

मागच्या उन्हाळ्यात फुलसावंगीकडच्या एका तांड्यावर लग्नाला गेले होते. सकाळचं ऊन मांडवातून झिरपत होतं. नवरी एकेकीच्या गळ्यात पडून ढावलो म्हणत होती. सासरी निघताना आमच्या मुली रडत रडत म्हणतात, ते गाणं. म्हणता म्हणता ती मध्येच थांबली, आईकडे पाहत राहिली, आणि मग पुन्हा सूर धरला.

ढावल्यात तिथं कुणी थांबत नाही. थांबले होते ती मी, भियाच्या सिनेमात.

भिया म्हणजे माझा मोठा भाऊ. कितीतरी वर्षं मुंबईत दुसऱ्यांसाठी पटकथा लिहिल्यावर तो तांड्यावर परतला आणि म्हणाला, "आता आपल्या बोलीत सिनेमा काढतो. लिहिणाराही मी, निर्माताही मीच." कॅमेरावाला पुसदहून आला. नट म्हणजे सगळा तांडा.

नवरी मी झाले. तेव्हा माझं लग्न होऊन बरीच वर्षं लोटली होती. माझ्या लग्नात बँडच्या गोंगाटात ढावलो राहूनच गेला होता. याडीनं, म्हणजे आमच्या आईनं, तो मला सिनेमासाठी शिकवला.

शूटिंगच्या सकाळी धुकं होतं. कपाशीची बोंडं धुक्यात तरंगल्यासारखी दिसत होती. मी म्हणू लागले. कॅमेऱ्यामागं याडी उभी होती, पदर तोंडाशी धरून. तिच्याकडं नजर गेली आणि शब्दच गेले. क्षणभर वाटलं, मी आत्ताच, खरोखरच, घर सोडून चालले आहे.

"परत घेऊ," मी नंतर म्हटलं.

"काहून?" भिया म्हणाला. "तुले जायचं नव्हतं, म्हणून थांबली. मले हे लिहिता आलं नसतं."

सिनेमा थिएटरात लागला नाही. भिया गावोगावच्या तांड्यांवर पडदा बांधून तो दाखवत फिरला. आता भिया नाही, याडीही नाही.

फुलसावंगीकडच्या त्या लग्नात नवरीची गाडी निघून गेली, धूळ खाली बसली. नवरीची आई मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती. मी तिच्याजवळ बसले.

"पोरीले ढावलो कोणं शिकवला?"

"मीच. कायले?"

"ते मधात थांबली..."

"थांबाच लागते, बाई," ती डोळे पुसत म्हणाली. "मायकडं एकडाव पाहा लागते. पहिल्यापासून तसंच आहे आपल्यात."

मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "हो, तसंच आहे."