रंभाबाईंचा हेडफोन

राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्या वर्षीची गोष्ट. सिंधीपुऱ्यातल्या लीलाधरच्या आईला, रंभाबाईंना, ऐकू कमी येऊ लागलं आणि रेडिओवरची भजनं सुटली म्हणून त्या झुरू लागल्या. लीलाधरने मोठ्या हौसेने एक छोटा ॲम्प्लिफायर जुळवला, त्याच्या तारा रेडिओला जोडल्या आणि जुन्या बाजारात मिळालेला हेडफोन आईच्या डोक्यावर चढवला.

"येतं का ऐकू, माय?"

"काहीच नाही रे."

त्याने आवाज वाढवला. तरी नाहीच. खाटेवर बसलेले त्याचे थोरले काका मोतीलाल हसले, "इंजिनीअरसाहेब, आता भोंगाच लावा!"

लीलाधरचा चेहरा उतरला. तेवढ्यात त्याचं लक्ष गेलं. जेठांसमोर, थोरल्या दिरांसमोर, डोकं उघडं नको, म्हणून आईने पदर दुहेरी करून कानांवर घट्ट ओढला होता आणि हेडफोन त्या पदरावर बसला होता.

"काका, जरा ओट्यावर बसता का?"

"बसतो बुवा," म्हणत काका बाहेर गेले. पदर मागे सरला, हेडफोन कानांना टेकला, तशा रंभाबाई दचकल्या. मग त्यांचा चेहरा उजळला आणि त्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडल्या,

"अरे लीला, हळू कर! शेजारी काय म्हणतील!"