गिरणीवाल्या कडूबाई विजेचं ठरवायला गेल्या

सोनईच्या पेठेत कडूबाई दरंदल्यांची पिठाची गिरणी आहे. नवऱ्यामागं ती त्यांनीच चालवली. गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची इतकी सवय झालेली, की घरात चहा मागितला तरी गल्लीत ऐकू जातो. कधी त्या गप्प दिसल्या तर गिऱ्हाईकच विचारतं, "मावशी, बरं न्हाई का?"

गेल्या वर्षी त्यांना नगरहून फोन आला. जिल्ह्यात सौर विजेची नवी योजना यायची होती. पहिल्या टप्प्यातली वीज कुणाला द्यायची, हे ठरण्याआधी साध्या माणसांना विचारायचं घाटत होतं. मतदारयादीतून चिठ्ठ्या टाकून माणसं निवडली होती. त्यांना आधी सगळी माहिती मिळणार, मग त्यांनी आपसात बोलून शिफारस करायची. सरकार ती मानेल, आणि जे मानणार नाही त्याचं कारण लेखी देईल.

"अहो, माझी शाळा सातवीत सुटली," कडूबाई म्हणाल्या.

"चिठ्ठीला शाळा कळत नाही, मावशी," बैठका घेणाऱ्या सुरेखाताई फोनवर हसल्या.

सून ज्योती म्हणाली, "जावा आत्या. गिरणी मी बघते."

कडूबाई निघाल्या त्या मनाशी पक्कं करूनच. सोनईची दुपारची लाईट जाते, गिरणी बंद पडते, दळणाच्या डब्यांची रांग लागते. तेव्हा पहिली वीज सोनईच्या गावठाणाला.

नगरच्या सभागृहात सगळे गोल बसले होते. शेजारी नेवाशाकडचे ऊसवाले काकासाहेब. ते म्हणाले, "वीज आधी शेतीपंपांना. रातीचं पानी भरायचं म्हंजे उसात बिबट्या, पायात साप."

"आन् गावानं काय कच्चं धान्य खायचं?" कडूबाई कडाडल्या. सकाळभर दोघांची जुंपली. जेवताना मात्र त्यांनीच काकासाहेबांच्या ताटात आग्रहानं लाडू वाढला.

दुपारी वीज खात्यातले निवृत्त इंजिनिअर आले. कडूबाईंनी विचारलं, "उन्हाची वीज डब्यात भरून ठिवता येत न्हाई व्हय?"

"येते. पण तो डबा फार महाग पडतो. सगळ्यांना पुरेल एवढा नाही परवडायचा."

मग त्यांनी फळ्यावर चित्र काढून दाखवलं. पंप दुपारच्या उन्हावर चालले, तर बाकीच्या लाईनवरचा भार हलका होतो आणि गावातली लाईटही कमी जाते. कडूबाईंनी दोनदा समजावून घेतलं. मग काकासाहेबांकडं वळून म्हणाल्या, "तुमचं बरोबर हाय की! सकाळीच असं सांगायचं न्हाई का?"

"तुमी बोलू दिलं तर ना!" काकासाहेब म्हणाले, आणि अख्खी बैठक हसली.

पुढच्या बैठकीला राजूरच्या वरच्या डोंगरातल्या एका वाडीतला मच्छिंद्र बोलायला उठला. आवाज इतका हळू, की मागच्यांच्या कुजबुजीत विरून जाई. कडूबाईंना राहवेना. "गप बसा रं! ह्यो काय म्हनतोय ते ऐका!" मग तो एक वाक्य बोले, आणि त्या ते मोठ्यानं सांगत.

"आमच्याकडं वारं सुटलं की तार तुटते."

"त्यांच्याकडं तार तुटते!"

"आरोग्य उपकेंद्रातला लसींचा फ्रिज बंद पडतो."

"लसींचा फ्रिज बंद पडतो!"

"बाया नाचणी डोक्यावर घेऊन राजूरला दळायला उतरतात. तिथंही लाईट नसली, तर तशाच परत चढतात."

कडूबाई मच्छिंद्रकडं वळल्या.

"न दळता परत?" त्यांनी विचारलं. एवढ्या हळू बोलताना त्यांना कुणी कधी ऐकलं नव्हतं.

"व्हय."

त्यांच्या गिरणीवरून दळण कधी तसंच परत गेलं नव्हतं. लाईट नसली तर त्या डबा ठेवून घेत आणि पीठ घरपोच करत.

काकासाहेब म्हणाले, "पर वाडीत घरं किती, आन् आमचे पंप किती? जिथं मानसं जास्त, तिथं आधी वीज."

"खरं हाय," कडूबाई म्हणाल्या. "काल मी बी हेच म्हनले असते. मोठा वाटा पंपांनाच जाऊ द्या. थोडा वाड्यांसाठी बाजूला काढू. तिथं फ्रिज चालंल, एक गिरणी बसंल."

इंजिनिअरांनी एक अडचण सांगितली. पावसाळ्यात डोंगरात ऊन कमी, तेव्हा फ्रिज आणि गिरणी यांपैकी एकच काहीतरी चालेल. सगळ्यांनी मच्छिंद्रकडं पाहिलं.

"पावसात फ्रिज चालू द्या," तो म्हणाला. "दळण आमी आधीच करून ठिवू."

सुरेखाताईंनी हात वर करायला सांगितले. पहिला हात काकासाहेबांचाच वर गेला. काहींना पटलं नाही. त्यांचं म्हणणंही शिफारशीत जसंच्या तसं घातलं.

बहुतेक शिफारशी मान्य झाल्या. सोनईची जुनी लाईन लगेच बदलायची कडूबाईंची मागणी तेवढी मागं पडली. तिचं लेखी कारण त्यांनी गिरणीत गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं, खात्याला चार शब्द सुनावले, आणि शेवटी म्हणाल्या, "पर कारन पटन्यासारखं हाय."

यंदा नाचणी निघाल्यावर मच्छिंद्रच्या वाडीत उन्हावरची गिरणी बसली. कडूबाईंना आवतण आलं. काकासाहेबांनी आपल्या जीपमधून त्यांना नेलं. वाटभर दोघं गुऱ्हाळावर वाद घालत होते.

वाडीतल्या बाया नवी लुगडी नेसून आल्या होत्या. गिरणी चालवायला शिकलेल्या पोरीनं खटका दाबला, दगड फिरला, आणि गरम पीठ पडायला लागलं. कडूबाईंनी ते चिमटीत चोळून पाहिलं.

"जरा जाड हाय! दगड आवळ गं!"

पोरीनं दगड आवळला. पीठ मऊ आलं तशा बाया टाळ्या वाजवत हसू लागल्या. एकीनं कडूबाईंच्या गालाला पीठ फासलं, त्यांनी तिच्या. काकासाहेब लांब सरकले, पण सुटले नाहीत.

मच्छिंद्रच्या घरी ताज्या पिठाची भाकरी झाली. कडूबाईंनी जेवता जेवता ज्योतीला फोन लावला.

"मी आज येत न्हाई गं. इथल्या बायांना फेर धरायचाय, आन् मला मधी उभी करनार हायेत."