दोनदा साबण लागलेला गाल

“आरसा गिऱ्हाइकासाठी; मला हात पुरतो,” असं न्हावीदादा नेहमी म्हणायचे. नजर वर्षागणिक अधू होत चालली होती. वस्तरा एक दिवस कुणाला लागेल, ही धास्ती मात्र त्यांनी मनातच ठेवली होती.

त्या सकाळी मेहुण्याचा उजवा गाल करून झाला आणि दादांनी त्याच गालावर पुन्हा साबण लावला. एरवी “दाजी, कापताय की गोंजारताय?” म्हणून टोचणारा मेहुणा गप्प बसला. त्या गप्प बसण्यानंच दादांना कळलं.

“कुठला राहिलाय रे?”

“डावा. होऊ द्या सावकाश, दाजी.”

दादांनी वस्तरा मिटला आणि शेजारच्या खुर्चीवर केस कापणाऱ्या लेकीच्या हातात दिला.

“मामाचा डावा तू कर. उद्यापासून दाढ्या तुझ्याच.”

भिंत चाचपत ते घराकडे निघाले. गालावरचा फेस तसाच ठेवून मेहुणा दारातून बघत राहिला.