सात वाजताचा मिक्सर

संध्याकाळी सातला मिक्सर लावणारी बाई देश बुडवते, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या पालघर जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या नशिबी आला. भावोजी अर्थशास्त्रज्ञ. विजेचा बाजार कसा चालावा, कुठल्या वेळेला कुठला दर असावा, हे सरकारांना सांगण्यात त्यांची हयात दिल्लीत गेली. निवृत्तीनंतर त्यांनी घिवलीत आमच्या शेजारी घर बांधलं आणि सरकारऐवजी आम्ही त्यांच्या तावडीत सापडलो. ताईनं चटणी दुपारी वाटायची, कारण तेव्हा सौरवीज मुबलक. इस्त्री दुपारी, आंघोळसुद्धा दुपारी. संध्याकाळी सगळा देश एकदम दिवे लावतो, म्हणून त्या वेळी भावोजी गल्लीत फेरी मारणार. हात मागे, कान ताठ, कुणाचा पंप चालू, कुणाचा एसी घरघरतोय याचा कानोसा घेत. बोईसर स्टेशनबाहेर एकदा त्यांनी एका रिक्षावाल्याला दुपारी गिऱ्हाईक नसताना भाडं उतरवण्याचं शास्त्र समजावलं. तो सगळं ऐकून म्हणाला, "साहब, पैदल जाओ. दोपहर में वो भी फ्री है."

माझ्या पोरीच्या हळदीला मी त्यांना विचारलंच नाही. डीजे ठरवला, झाडाझाडाला दिव्यांच्या माळा सोडल्या आणि मोठ्या ऐटीत जनरेटर रद्द केला. म्हटलं, अणुवीज केंद्र इथं हाकेवर, आपल्याला जनरेटर कशाला? भावोजी म्हणाले, "शेठ, समोर समुद्र आहे म्हणून तुमच्या नळाला पाणी येतं का?" मी हसलो. पुढे पस्तावायचं असलं की मी आधी असाच हसतो.

डीजेनं पहिलं गाणं लावलं आणि दिवे पिवळे पडले. पंख्यांची पाती मोजता येऊ लागली. तेवढ्यात समोरच्या घरातून जनाकाकीची सून धावत आली. काकीची फुप्फुसं थकलेली; ती ऑक्सिजनच्या मशीनवर. "दादा, मशीन ओरडतंय! करंटच नाय पुरत. ऑक्सिजनचा बाटला भरायला हे बोईसरला गेलेत, अजून आले नाय." मी लाइनमनला फोन लावला. तोही बोईसरला. ट्रान्सफॉर्मर उडाला असता तर तो येईपर्यंत काकीचं काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

भावोजींनी डीजेचा माइक हिसकावला. "मधू, बागेचा पंप बंद! सुमन, गीझर! वसंत, तुझे दोन्ही एसी!"

"दोन?" वसंतचा भाऊ ओरडला. "दुसरा कधी घेतलास रे?"

"याला आमच्या घरातलं सगळं म्हायती हाय गो!" एक म्हातारी करवादली. पण गल्लीतली एकेक खिडकी काळी होत गेली. मशीनची पीं पीं काही थांबेना.

भावोजींनी माइक खाली केला. "शेठ, आता तुमचा मंडप उरला."

मी पोरीकडे पाहिलं. हळदीनं माखलेली, कधीपासून या संध्याकाळची वाट बघत असलेली. माझा हात काही उठेना. तीच पाटावरून उठली. "बाबा, बघताय काय? काकीनं मला अंगाखांद्यावर खेळवलंय." आणि तिनंच पिवळ्या हातानं मेन स्विच खाली ओढला.

गच्च अंधार. सगळं गाव कान देऊन उभं. पीं. पीं. मग एक लांबलचक पीं, आणि काहीच नाही.

एकुलत्या उजेडाच्या खिडकीतून सून ओरडली, "थांबलं! काकी आता बरा श्वास घेते!"

बायकांनी अंधारातच धवल्यांची लग्नगाणी धरली. बाटला घेऊन काकीचा मुलगा येईपर्यंत हळद मोबाइलच्या उजेडात लागली. पायरीवर बसलेल्या भावोजींना मी चिडवलं, "या अंधाराला काय दर लावायचा?"

"गप्प बसा शेठ," ते म्हणाले. "मशीनचा आवाज ऐकू द्या."

पावसाळा संपता संपता काकी गेली. मशीन परत गेलं. गल्लीत मात्र संध्याकाळी अजून कुणी पंप लावत नाही. परवा ताईकडे मी मुद्दाम सातला मिक्सर सुरू केला. म्हटलं, म्हातारा जरा तडकू दे. भावोजी समोरच्या काळ्या खिडकीकडे बघत होते.

"लावा, शेठ," ते म्हणाले. "आता भरपूर आहे."

मीच मिक्सर बंद केला.